पावसाळा कोणाच्या अंगावर?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. इतिहासाच्या मास्तराला लोक सहसा दोनच गोष्टी विचारतात : पानिपतावर आपण का हरलो, आणि अमुक किल्ल्यावर गाडी वरपर्यंत जाते का? माझ्या पुतणीनं मात्र परवा निराळंच विचारलं.

ती सांगलीत विश्रामबागेच्या बाजूला पोळी-भाजी केंद्र सुरू करते आहे. त्या भागात कॉलेजं आहेत, वसतिगृहं आहेत. घरच्या चवीच्या डब्यासाठी आसुसलेली पोरं-पोरी भरपूर. जागा मिळाली, शेगड्या आल्या, कणीक मळायचं यंत्र आलं. अडलं ते माणसांपाशी. वही घेऊन ती माझ्याकडे आली. वहीत पाच रकाने पाडलेले. पहिला रकाना – घरचीच माणसं, म्हणजे ती, नवरा आणि सासूबाई. दुसरा – चार बायका महिन्याच्या पगारावर. तिसरा – बायकांनी आपापल्या घरी पोळ्या-भाकऱ्या करून आणायच्या, नगावर पैसे. चौथा – माणसं पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून माणसं घ्यायची. एक आली नाही तर तो दुसरी पाठवणार. पाचव्या रकान्यात ‘भागीदारी’ असं लिहून पुढे प्रश्नचिन्ह.

मला म्हणाली, “काका, तुमच्या इतिहासात याचं काही उत्तर आहे का?”

मी म्हटलं, “अगं, इतिहासात उत्तर असो-नसो, आपल्या घरात आहे.”

माझ्या वडिलांचा छापखाना होता. साठच्या दशकातली गोष्ट. एक ट्रेडल, खिळ्यांच्या लाकडी केसेस, कागद कापायचं एक यंत्र आणि सगळीकडे शाईचा वास. लग्नपत्रिका, हँडबिलं, पावतीपुस्तकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका असली फुटकळ कामं चालायची. एक खिळेजुळारी होते. आम्ही त्यांना मास्तर म्हणायचो. फार शिकलेले नव्हते, पण उलटी जुळवलेली ओळ सरळ वाचावी तशी वाचत. नावात ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं दिसलं की गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय पुढे जात नसत. दुसरे होते ते आमच्या आईचे चुलतभाऊ, आमचे मामा. त्यांना हिशेबाला बसवलं होतं.

छापखान्याचा धंदा लग्नसराईवर. चातुर्मास लागला की लग्नं थांबतात, पत्रिका थांबतात. एका वर्षी पाऊसही नीट झाला नाही, उधारी वसूल होईना. आषाढात वडिलांनी मास्तरांना सांगितलं, “मास्तर, आता दिवाळीनंतर बघू.” मामांना तसं सांगता येणं शक्य नव्हतं. ते घरचे होते. मास्तरांनी मान हलवली, खिळ्यांवरचा हात धुतला आणि गेले. तुळशीचं लग्न झालं, पत्रिकांचं काम आलं, तेव्हा वडील स्वतः त्यांच्या घरी बोलवायला गेले. पण मास्तर श्रावणातच दुसऱ्या छापखान्यात लागले होते. तिथला पगार आमच्यापेक्षा कमीच होता, पण बारा महिन्यांचा होता. त्या हंगामात नवख्या मुलाच्या हातून आमच्याकडे एका पत्रिकेत वधूपित्याचंच नाव चुकलं. पाचशे पत्रिका परत आल्या. त्या घराण्याचं काम पुन्हा कधीच आलं नाही, आणि अशा गोष्टी गावात पसरायला वेळ लागत नाही. चार वर्षांनी आमचा छापखाना बंद पडला.

वडील पुढे कितीदा तरी म्हणत, “मला माणसं ठेवायला जमलं नाही.” मला लहानपणी वाटायचं, त्यांना माणसं निवडता आली नाहीत असं ते म्हणताहेत. फार उशिरा कळलं, मास्तरांची निवड तर अचूक होती. चूक पावसाळ्याची होती. धंद्याचे वाईट दिवस कोणी सोसायचे, हे वडिलांनी आधी ठरवलंच नव्हतं. वेळ आली तेव्हा ते सगळ्यांत हुशार आणि सगळ्यांत परक्या माणसाच्या अंगावर ढकललं गेलं.

म्हणून मी पुतणीला म्हटलं, रकाने पाच असतील, पण प्रश्न एकच आहे. मग मी तिला तीन-चार जुन्या धंद्यांच्या गोष्टी सांगितल्या. त्याच आज तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट आमच्याच जिल्ह्यातली. मिरजेहून पुण्याकडे रेल्वेनं निघालं की किर्लोस्करवाडी हे स्टेशन लागतं. पूर्वी त्याचं नाव कुंडल रोड होतं. लक्ष्मणराव किर्लोस्कर मूळचे बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, जन्म १८६९चा. चित्रकार व्हायचं म्हणून मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथे लक्षात आलं, की आपल्या डोळ्यांना काही रंग नीट ओळखू येत नाहीत. मग यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. बढतीची वेळ आली तेव्हा ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली. बेळगावात थोरले बंधू रामूअण्णा यांच्याबरोबर सायकलींचं दुकान चालवलं, कडबा कापायची यंत्रं केली, १९०३ साली लोखंडी नांगर केला. लोखंडानं जमीन विषारी होते, अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत. नांगर खपायलाच दोन वर्षं लागली. त्यातच नगरपालिकेमुळे बेळगावची जागा सोडायची वेळ आली.

औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ बत्तीस एकर जमीन आणि दहा हजार रुपये बिनव्याजी कर्ज दिलं. जमीन म्हणजे नुसतं निवडुंगाचं रान आणि त्यात साप. १० मार्च १९१० या दिवशी तिथे काम सुरू झालं. बरोबर होते पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबं.

आता इथे थांबून विचार करा. नवा धंदा, कर्जाचे पैसे, खपायला कठीण असा माल. आजचा कुठलाही हिशेबी माणूस म्हणेल, अनुभवी माणसं घ्या, प्रशस्तिपत्रं तपासा. लक्ष्मणरावांनी माणसं कशी गोळा केली ते बघा. रामूअण्णा वसाहतीची आखणी आणि कारभार बघत. शंभूराव जांभेकर यंत्रांची बाजू सांभाळत. मंगेशराव रेगे कारकून होते, ते प्रमुख हिशेबनीस झाले. के. के. कुलकर्णी परीक्षांत नापास झालेले, पण पडेल ते काम अंगावर घेणारे. अनंतराव फळणीकरांनी शाळा अर्धवट सोडलेली. ते कल्पक इंजिनिअर ठरले. आणि वसाहतीची राखण कोणाकडे? तुरुंगाची हवा खाऊन आलेल्या दोघांकडे. तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग अशी त्यांची नावं किर्लोस्करवाडीच्या इतिहासात येतात. माणसाला जातीवरून हाक मारायच्या काळातली ही नावं आहेत. १८७१ साली सुरू झालेला गुन्हेगार जमाती कायदा त्याच सुमारास देशभर लागू होत होता. हा कायदा कित्येक जमातींतल्या माणसांना जन्मतःच चोर ठरवत होता. अशा वेळी कारखान्याच्या किल्ल्या त्यांच्या हाती देणारा हा मालक.

हे सगळं वाचताना मला नेहमी ती नाकारलेली बढती आठवते. जन्मावरून ज्याची जागा हुकली, त्यानं दुसऱ्याचा जन्म विचारला नाही. किर्लोस्करवाडीत शिवाशीव पाळायची नाही असाही त्यांचा दंडक होता.

पण नुसत्या चांगुलपणाची ही गोष्ट नाही. त्यात व्यवहार आहे. ओसाड रानातल्या कारखान्यात शहरातला प्रशस्तिपत्रवाला माणूस आला नसता, आला तर टिकला नसता. तेव्हा जो माणूस कुटुंबासकट निवडुंगाच्या रानात राहायला येतो, त्याला काम शिकवता येतं. मात्र ज्याला काम येतं त्याला रानात राहायला शिकवता येत नाही, हे लक्ष्मणरावांनी ओळखलं. शिवाय मालक स्वतः त्याच रानात राहत होता. मालकाच्या घरालाही सापाची तेवढीच भीती होती. दिवस वाईट आले तर ते एकाच वस्तीत, सगळ्यांच्या दाराशी येणार होते. म्हणून पंचवीस घरं तिथे थांबली. १९२० साली या धंद्याची मर्यादित कंपनी झाली, तोवर नांगराबरोबर यंत्रांची कितीतरी कामं तिथे निघू लागली होती.

माझी पुतणी म्हणाली, “काका, किर्लोस्करांना राजाची जमीन मिळाली. मी भाड्याच्या गाळ्यात आहे.” बरोबर आहे. म्हणून दुसरी गोष्ट. तिथे राजा नव्हता, होती ती फक्त विम्याची पॉलिसी.

लक्ष्मणराव जे. जे.त गेले त्याच सुमारास, १८८५ साली, त्र्यंबकेश्वरचा एक मुलगा तिथे दाखल झाला होता : धुंडिराज गोविंद फाळके. पुढे छपाईच्या धंद्यात भागीदाराशी पटलं नाही, तो धंदा सुटला. १९१२च्या सुरुवातीला विम्याची पॉलिसी गहाण ठेवून ते लंडनला गेले, विल्यमसन कॅमेरा घेऊन आले आणि दादरला राहत्या जागेतच चित्रपटाचा धंदा मांडला. हिंदुस्थानात ज्या धंद्याला नावही नव्हतं, त्याला माणसं आणायची कुठून?

फाळक्यांनी पहिला रकाना निवडला. घर. सरस्वतीबाई फाळके कामावरच्या सगळ्यांचा स्वयंपाक करीत, रात्री अंधारात फिल्मला भोकं पाडीत, रसायनं मिसळून ती धूत, आणि चित्रीकरणाच्या वेळी उन्हाचा उजेड पात्रांवर पडावा म्हणून पांढरी चादर धरून उभ्या राहत. मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. मित्र त्र्यंबक तेलंग यांना फाळक्यांनी स्वतः कॅमेरा शिकवला. तारामतीच्या कामासाठी बाई मिळेना. नाटकातल्या नाहीत, कोठ्यावरच्याही तयार होईनात. शेवटी ग्रँट रोडच्या एका खाणावळीत काम करणारे अण्णा साळुंके फाळक्यांच्या नजरेत भरले. खाणावळीत मिळत होते त्यापेक्षा पाच रुपये जास्त देऊन त्यांना आणलं आणि ते तारामती झाले. हेच साळुंके पुढे १९१७च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही झाले.

सिनेमात काम करणं कमीपणाचं समजलं जाई. म्हणून फाळके आपल्या माणसांना सांगत, कोणी विचारलं तर हरिश्चंद्राच्या कारखान्यात नोकरीला आहोत असं सांगा. परेश मोकाशींच्या २००९च्या चित्रपटाचं नाव त्यावरूनच आलं. ३ मे १९१३ रोजी गिरगावात कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. पाठोपाठ हे सगळं बिऱ्हाड नाशिकला गेलं.

या गोष्टीत मला दोन गोष्टी दिसतात. एक, ज्या कामाला अनुभवी माणूस अस्तित्वातच नाही तिथे मालकाला शिक्षक व्हावं लागतं. खाणावळीत चालणारा हात बघून त्यात तारामती दिसायला मालकाला आपलं काम आरपार माहीत असावं लागतं. दुसरी गोष्ट जरा अवघड आहे. घरची माणसं स्वस्त पडतात असं आपण म्हणतो. सरस्वतीबाईंच्या कष्टाचा पगार कुठल्या वहीत लिहिला होता? धंद्याचा पावसाळा त्यांनी एकटीनं अंगावर घेतला, दागिन्यांसकट. पुढे १९१७-१८च्या सुमारास फाळक्यांच्या धंद्यात भांडवलदार भागीदार आले, हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली, आणि खर्चावरून वाद सुरू झाले. घरच्यांनी न बोलता जे सोसलं ते हिशेबाच्या टेबलावर कोणी सोसेना. यात फक्त भागीदारांचा दोष होता असं मी म्हणणार नाही. पहिल्या दिवसापासून घरच्या श्रमाला किंमत लावली नाही, तर धंद्याला खरा खर्च किती येतो हे मालकालाच कळत नाही. मग भागीदाराला तरी कसं कळणार?

हे ऐकल्यावर पुतणीनं वहीतल्या पहिल्या रकान्यात सासूबाईंच्या नावापुढे एक आकडा लिहिला. मी काही बोललो नाही.

आता चौथा रकाना. ठेकेदार. हा आपल्याला नवा वाटतो, पण मुंबईच्या गिरण्यांएवढा जुना आहे. गिरणीमालक कामगार स्वतः शोधत नसत. ते काम जॉबरचं. कोणी त्याला मुकादम म्हणे. बायकांच्या खात्यात नायकीण असे. जॉबर गावाकडून माणसं आणायचा, कामावर लावायचा, काढायचा, अडीअडचणीला कर्जही द्यायचा. मालकाला सोय केवढी! कोण आलं, कोण गेलं, बघायला नको. पण कामगाराला काम मिळवायला आणि टिकवायला जॉबरला दस्तुरी द्यावी लागे. रोज सकाळी गिरणीच्या फाटकाशी बदली कामगार उभे असत. कायमचा माणूस आला नाही तर त्यांना त्या दिवसापुरतं काम. तो आला तर हात हलवत घरी. शाही श्रम आयोगानं १९३१च्या अहवालात जॉबरच्या हातातली ही सत्ता काढून घ्यायची शिफारस केली, आणि १९३५ साली मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगारांच्या नोंदणीची पद्धत सुरू झाली.

कापसाच्या बाजारातली मंदी मालकानं जॉबरवर ढकलली, जॉबरनं बदलीवाल्यावर. फाटकाशी उभ्या माणसाच्या पुढे ढकलायला कोणी नव्हतं. आपल्याकडे ऊसतोडणीच्या टोळ्या आजही मुकादम आणतो, उचल देतो, नवरा-बायको मिळून एक कोयता धरतो. त्यांची पोरं फडात कशी वाढतात, हे आम्ही सांगलीकर दर हंगामात बघतो. मी पुतणीला म्हटलं, “ठेकेदाराकडून माणूस घेणं हा काही गुन्हा नाही. एखाद्या मोठ्या लग्नाचं काम आलं, दोन दिवस वाढपी हवेत, तर जरूर घे. पण तुझ्या पोळीची चव ज्या हातात आहे, तो हात दुसऱ्याच्या हुकमाखाली ठेवू नकोस. उद्या पोळी जळाली तर कोणाशी बोलशील? ठेकेदाराशी? तो म्हणेल, बाई बदलून देतो. बाई बदलेल, पोळी तशीच येईल.”

तिनं चौथ्या रकान्यावर काट मारली नाही, पण कंस केला.

आता शेवटची गोष्ट. ही तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे असं तुम्हाला वाटतं, कारण तिचा डबा तुमच्या स्वयंपाकघरात आहे. १५ मार्च १९५९. गिरगावातल्या लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात गुजराती बायका पापड लाटायला बसल्या. त्यांत जसवंतीबेन पोपट होत्या. त्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. भांडवल ऐंशी रुपये, तेही उसने. समाजकार्यकर्ते छगनलाल पारेख, म्हणजे छगनबापा, यांच्याकडून घेतलेले. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली, ती भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्याला दिली. स्वस्तातला एक आणि महागातला एक असे दोन प्रकार करायचा विचार होता. छगनबापांनी सांगितलं, एकच प्रकार करा, चांगला करा, आणि हिशेब नीट ठेवा.

आणि मग पावसाळा आला. म्हणजे खराखुरा पावसाळा. गच्चीवर पापड वाळेनात. पहिल्या वर्षी चार महिने काम बंद ठेवावं लागलं. विचार करा, त्या सातजणी पगारी नोकर असत्या तर काय झालं असतं? मालकानं सांगितलं असतं, दिवाळीनंतर बघू. आमच्या वडिलांसारखंच. पण इथे सांगणारं कोणी नव्हतं, कारण मालक त्याच होत्या. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक शेगडी आणली. खाटेवर पापड पसरायचे, खाली शेगडी पेटवायची. पावसातही काम चालू राहिलं.

या खाट-शेगडीचं मला फार मोल वाटतं. पगारी माणसानं ही युक्ती काढली नसती असं नाही. पण त्यानं ती काढावी असं त्याला वाटायला हवं, आणि त्याचं कोणी ऐकायला हवं. ज्याच्यावर पावसाळा पडतो, त्याच्या हातात खाट आणायचा अधिकार हवा. लिज्जतमध्ये हे दोन्ही एकाच माणसापाशी होतं.

पुढे १९६२ साली ‘लिज्जत’ हे नाव ठरलं, १९६६ साली संस्था नोंदली गेली, खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची मान्यता मिळाली. पद्धत अशी : सकाळी केंद्रावर पीठ मळलं जातं, बहिणी ते घरी नेतात, लाटतात, दुसऱ्या दिवशी पापड आणून देतात आणि वजनाप्रमाणे लाटणावळ घेतात. पुतणीच्या तिसऱ्या रकान्यासारखंच. पण एक फरक आहे. लाटणारी प्रत्येक बहीण संस्थेची सभासद, म्हणजे मालकीण. नफ्यात वाटा, तोट्यात वाटा. सातच्या आज हजारो झाल्या. नगावर काम देणारे कितीतरी व्यापारी मुंबईत होते आणि आहेत. घरी बसून बटणं लावणाऱ्या, विड्या वळणाऱ्या बायकांना तेही नगाचेच पैसे देत. तिथे नग कमी झाले की पैसे कमी, बस्स. काम तेच, दर तसाच, पण नफा झाला तर तो कोणाचा, या एका ओळीनं सगळं बदलतं.

आता तुम्ही म्हणाल, मास्तर, म्हणजे प्रत्येकानं सहकारी संस्था काढावी काय? नाही. माझ्या पुतणीनं स्वतःचे दागिने मोडून गाळा घेतला आहे. पहिल्याच दिवशी सगळ्यांना सारखी मालकी दे असं मी तिला सांगणार नाही. किर्लोस्करवाडीत मालक होते आणि नोकरही होते, तरी वस्ती उभी राहिली. इतिहास असा नमुना छापून देत नाही, की घ्या आणि चिकटवा. तो एवढंच दाखवतो, की या पाचही रकान्यांतून धंदे उभे राहिले आणि पाचही रकान्यांतून बुडाले. जे टिकले, तिथे एक गोष्ट आधीच ठरलेली होती : वाईट दिवस कोणी आणि किती सोसायचे, आणि जो सोसतो त्याला बोलायला जागा किती.

मी पुतणीला विचारलं, “तुझा पावसाळा कधी येतो?”

ती म्हणाली, “जून-जुलैत तर कॉलेजं सुरू होतात काका. तेव्हा उलट गर्दी असणार.”

“मग कधी?”

ती थोडा वेळ गप्प बसली. म्हणाली, “मे महिन्यात. वसतिगृहं रिकामी होतात. डबे निम्म्याच्या खाली जातील. मी धरलं होतं, मे महिन्यापुरतं बायकांना सुट्टी देऊ.”

“बिनपगारी?”

ती काही बोलली नाही. मला आमच्या छापखान्यातला आषाढ आठवला. खिळ्यांवरचा हात धुऊन निघून जाणारे मास्तर आठवले. मी म्हटलं, “हे तुझं तू ठरव. पण ठरवण्याआधी त्या बायकांना विचार. मे महिन्यात त्यांना सांगू नकोस, आत्ता विचार.”

आठ दिवसांनी तिचा फोन आला. ज्या चौघींशी बोलणं चाललं होतं, त्यांना तिनं चहाला बोलावलं आणि मे महिन्याची अडचण जशीच्या तशी सांगितली. त्यातली एक बाई म्हणाली, “ताई, मे महिन्यात कोण मोकळं असतं? कुरडया, सांडगे, शेवया, उपवासाचे पापड, सगळं वाळवण उन्हाळ्यातच होतं. आता घरोघरी कोणाला वेळ आहे? तुमच्या गाळ्याला गच्ची आहे. आपण करू, लोक घेतील.”

पुतणीला ही गोष्ट सुचली नव्हती. मलाही नव्हती. सुचली ती त्या बाईला, कारण मे महिना तिच्या अंगावर येणार होता.

आता तिनं ठरवलंय ते असं. दोन बायका महिन्याच्या पगारावर, बाराही महिने. दोघींना घरी लहान मुलं आहेत, त्या घरून भाकऱ्या करून आणणार, नगावर. पण आठवड्याला ठरावीक नगांचे पैसे नक्की, डबे कमी झाले तरी. सासूबाईंना पगार. आणि वाळवणात जो नफा होईल, त्यात सगळ्यांचा वाटा. हा शेवटचा कागद तिनं मला वाचून दाखवला. ‘वाटा’ या शब्दापुढे किती ते लिहिलेलं नव्हतं. मी म्हटलं, “तेवढा आकडा आत्ताच लिही. आकडा न लिहिलेल्या वाट्यावरूनच भांडणं होतात.”

हे सगळं जमेल की नाही ते या मे महिन्यात कळेल. कुरडया वाळतात की वळवाचा पाऊस त्या भिजवतो, तेही कळेल. भिजल्याच तर एक खाट आणि एक शेगडी मी माझ्याकडून देईन म्हणतो.